शिवनेरीची तारीख आणि रोमचा पोप

खोडदच्या माळावरच्या तबकड्या कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला आकाशाच्या कोणत्या भागाकडे तोंड करतील, याचे वेळापत्रक बरेच आधी ठरते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अशा तीस तबकड्या आहेत. चौदा खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत आणि सोळा तीन फाट्यांवर, नारायणगावच्या आसपासच्या शेतांमधून दूरवर पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दुर्बीण उभारली आणि देशोदेशींचे खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर वेळ मागतात. त्या वेळापत्रकावर जी तारीख छापलेली असते, ती लावून दिली आहे एका पोपने, १५८२ साली.

खोडदहून पश्चिमेला जुन्नर आणि त्याच्या डोक्यावर शिवनेरी. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवारचा. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. जयंती तिथीने करायची की तारखेने, हा वाद आपण दरवर्षी ऐकतो. पण खुद्द या तारखेतही एक वाद दडला आहे आणि तो आपला नाही, युरोपचा आहे. त्याच शुक्रवारी वसईच्या किल्ल्यातला पोर्तुगीज कारकून आपल्या कागदावर १ मार्च १६३० लिहीत होता. सुरतेच्या वखारीतला इंग्रज १९ फेब्रुवारी लिहीत होता आणि साल टाकत होता १६२९, कारण इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. पोर्तुगीज कॅथलिक होते, इंग्रज प्रॉटेस्टंट. राज्याभिषेकाला रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनने ६ जून १६७४ ही तारीख नोंदवली, तीही जुनी. गोव्यात तेव्हा १६ जून चालू होता. वसई पडली तो दिवस काही मराठी पुस्तकांत ५ मे १७३९ आहे, काहींत १६ मे. दोन्ही बरोबर आहेत. चिमाजी अप्पांनी किल्ला एकदाच घेतला. तारखा दोन आहेत त्या ख्रिस्ती धर्मातल्या फुटीमुळे. शाळेत कोणी हे सांगत नाही आणि मग दोन पुस्तकांत अकरा दिवसांचा फरक दिसला की विद्यार्थी छापखान्याला दोष देतो.

झाले होते असे. ज्यूलियस सीझरच्या काळापासूनचे वर्ष ३६५ दिवस सहा तासांचे धरलेले होते. खरे सौरवर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान. अकरा मिनिटे काहीच नाहीत, पण साधारण सव्वाशे वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. इसवी सन ३२५ मध्ये निकेआ येथे बिशपांची परिषद भरली तेव्हा वसंतसंपात २१ मार्चच्या सुमाराला होता. सोळाव्या शतकापर्यंत तो ११ मार्चवर आला. तेरावा ग्रेगरी या पोपने फेब्रुवारी १५८२ मध्ये फर्मान काढले आणि ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. हिशेबाच्या कामात ख्रिस्तोफर क्लाव्हिउस हा जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातला गणिती होता. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतल्या राज्यांनी फर्मान लगेच पाळले. प्रॉटेस्टंट जर्मन संस्थाने १७०० पर्यंत अडून राहिली, इंग्लंड १७५२ पर्यंत. रशियात १९१८ साल उजाडले, तेही बोल्शेविकांच्या हुकमाने.

गणित चुकीचे आहे असे या विरोधकांपैकी जाणकारांचे म्हणणे नव्हते. सूर्य कुठे आहे हे त्यांनाही दिसत होते. हरकत होती ती सांगणाऱ्याच्या अधिकाराला. रोमच्या बिशपने उठून सगळ्या ख्रिस्ती जगाला दहा दिवस वगळायला सांगावे, हा हक्क त्याला कोणी दिला? कॅथलिक आणि इतर ख्रिस्ती यांच्यात काय फरक आहे, असे विचारले की लोक मरियेची मूर्ती, फादरांचे ब्रह्मचर्य, पोप, मिस्सा अशी यादी सांगू लागतात. यादी खरी आहे. पण तिच्यातली बहुतेक कलमे एका प्रश्नातून निघतात: मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा?

हा सारा खटाटोप ईस्टरसाठी होता. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण. सूर्य आणि चंद्र दोघांची सांगड घालायची म्हटले की काय कसरत होते, हे पंचांग वापरणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ एप्रिलला, पौर्णिमा एकच. त्यानंतर अधिक श्रावण आला, आपले सण पुढे सरकले, आणि २०२४ चा ईस्टर चैत्री पौर्णिमा सोडून होळीच्या पौर्णिमेमागून ३१ मार्चला आला. त्याच वर्षी रशिया आणि ग्रीसमधल्या ऑर्थोडॉक्स चर्चनी ईस्टर ५ मे रोजी केला, कारण त्यासाठी ते आजही सीझरचीच गणना धरतात. २०२५ मध्ये दोन्ही गणिते जुळली आणि सर्वांचा ईस्टर २० एप्रिलला आला. पोप फ्रान्सिस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारले. नागरी व्यवहारासाठी ग्रीसने पोपची तारीख १९२३ मध्ये घेतली. सणासाठी घेतली नाही. बँकेत एक तारीख आणि देवळात दुसरी, हा व्यवहार आपल्याला तरी विचित्र वाटायला नको.

आता त्या शेवटच्या शब्दाकडे. कॅथलिक उत्तर असे: येशूने पेत्राला शिष्यांचा प्रमुख नेमले, पेत्र रोममध्ये हुतात्मा झाला, आणि रोमचा बिशप हा त्याचा वारस. बायबल देवाचे वचन खरे, पण बायबलात कोणती पुस्तके असावीत हेसुद्धा चर्चनेच ठरवले. म्हणून त्याचा अर्थ लावण्याचे कामही चर्चचे. शास्त्र, परंपरा आणि बिशपांची शिकवण ही तिन्ही एकत्र धरायची. पोप काहीही बोलला तरी ते अचूक, असा मात्र कॅथलिक सिद्धान्त नाही. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने अचूकतेचा ठराव केला तो श्रद्धा आणि नीतीच्या बाबतीत, साऱ्या चर्चला बंधनकारक अशी औपचारिक घोषणा करताना पोप चुकत नाही, एवढ्यापुरता. त्या ठरावानंतर हे हत्यार उघडपणे एकदाच उपसले गेले, १९५० मध्ये, मरियेला सदेह स्वर्गात घेतले गेले या घोषणेसाठी.

ऑर्थोडॉक्स चर्चना बिशप मान्य, परंपरा मान्य, सात संस्कार मान्य. रोमचा बिशप मानाने पहिला, हेही एके काळी मान्य होते. सगळ्यांवर हुकूम चालवणारा म्हणून मात्र कधीच नाही. १०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टॅन्टिनोपल यांनी एकमेकांना बहिष्कृत केले, त्याच्या मुळाशी हेच होते. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पित्यापासून आणि पुत्रापासूनही, हा श्रद्धासूत्रातला वाद वरवर तत्त्वज्ञानाचा वाटतो. पण पूर्वेकडच्यांचे म्हणणे सरळ होते: सर्वांच्या परिषदेने केलेल्या सूत्रात तुम्ही एकट्याने शब्द घातला कसा? आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन चर्च त्याही आधी, ४५१ च्या काल्सेदोन परिषदेनंतर वेगळी झालेली होती.

मार्टिन लूथरने १५१७ मध्ये पापक्षमेच्या चिठ्ठ्यांवर टीका केली तेव्हा त्याला नवे चर्च काढायचे नव्हते. पण वाद वाढत गेला आणि त्याला ठरवावे लागले की पोप आणि परिषदा दोन्ही चुकू शकतात, अखेरचा आधार फक्त बायबल. त्यातून प्रॉटेस्टंट परंपरा निघाल्या. बायबलसुद्धा मग दोन झाली: प्रॉटेस्टंटांचे ६६ पुस्तकांचे, कॅथलिकांचे ७३. फरक सात पुस्तकांचा, सगळी जुन्या करारातली. त्यातल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मृतांसाठी प्रार्थना आहे. कॅथलिक माणूस २ नोव्हेंबरला आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो, मिस्सा सांगतो. प्रॉटेस्टंट पाळक त्याला म्हणतो की मेलेल्याचा निवाडा देवाकडे गेला, आता तुझ्या प्रार्थनेने काही बदलायचे नाही. संस्कारांचेही तसेच. कॅथलिक सात मानतात. बहुतेक प्रॉटेस्टंट दोन, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, कारण येशूने स्वतः आज्ञा दिल्याचे बायबलात दिसते ते या दोनच बाबतीत. भाकरीचे काय होते, यावर प्रॉटेस्टंटांमध्येच एकमत नाही. कॅथलिक शिकवणीनुसार ती खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते, दिसायला भाकर राहिली तरी. लूथर जवळजवळ तिथेच राहिला, झ्विंग्लीने ते स्मरण मानले, आणि १५२९ मध्ये दोघे मारबुर्गला समोरासमोर बसले तरी या एका मुद्द्यावर जुळले नाही.

बायबल प्रत्येकाने स्वतः वाचून ठरवायचे, म्हटल्यावर एक अडचण येते. पृथ्वी सहा दिवसांत झाली असे लिहिले आहे, तर ते शब्दशः घ्यायचे काय? लूथर आणि कॅल्व्हिन यांच्या वारसांपैकी कित्येकांनी उत्क्रांती खुशाल पचवली, पण शब्दशः वाचणारा मोठा वर्गही प्रॉटेस्टंटांतच, विशेषतः अमेरिकेत, उभा राहिला. कॅथलिक चर्चची अडचण उलटी होती. तिथे अर्थ लावण्याचा अधिकार एका जागी साठलेला. तो चुकला की सगळेच चुकणार. गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा झाली आणि त्या प्रकरणात चर्चच्या न्यायाधीशांचे चुकले, हे दुसऱ्या जॉन पॉलने १९९२ मध्ये सांगितले. पण त्याच चर्चचा एक धर्मगुरू, बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र, याने १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावते आहे हे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून दाखवले आणि १९३१ मध्ये विश्वाच्या आरंभीच्या आदिअणूची कल्पना मांडली. खोडदची दुर्बीण दूरच्या हायड्रोजनचे जे क्षीण संकेत टिपते, ते मूळच्या एकवीस सेंटीमीटरपेक्षा लांब तरंगलांबीवर येतात ते या प्रसरणामुळेच. बाराव्या पायसने १९५१ मध्ये या सिद्धान्तात बायबलातल्या निर्मितीचा दाखला शोधायला सुरुवात केली, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाला तो लमेत्रच. विज्ञानाची पानं वेगळी ठेवा, असे त्याचे मत होते. पोपला आवर घालणारा धर्मगुरू कॅथलिक चर्चमध्ये असू शकतो, हेही यातून ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रात हे सगळे कसे आले? पहिली लाट पोर्तुगीजांची. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि उत्तर कोकणात कॅथलिक वस्ती वाढली. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले, भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत. गोव्यात देवळे पाडली गेली, १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायालय, बसले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. याच गोव्यात १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट उतरला. मायदेशी त्याच्या धर्माच्या लोकांना राजद्रोही म्हणून फासावर चढवले जात होते, आणि इकडे त्याच्याच धर्माचे लोक इतरांच्या श्रद्धेवर पहारा ठेवत होते. तो सासष्टीत राहिला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि ओवीचे वळण संतांच्या परंपरेतले. प्रॉटेस्टंटांचा मराठी मुलखातला पहिला मिशनरी यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षे होती.

ते आले १८१३ मध्ये, मुंबईत, अमेरिकेहून. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट यांचे हे अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये अहमदनगरला पोचले. ही मंडळी काँग्रिगेशनल पंथाची. त्यांच्यात बिशपच नाही, प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते. स्कॉटिश मिशन पुण्यात आले, ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे निवडलेल्या वडिलांच्या सभेने चालणारे. इंग्लंडच्या चर्चचे चर्च मिशनरी सोसायटीचे लोक नाशिक धरून बसले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी जुन्नरलाही ठाणे केले. त्यांच्या अहवालांत गावाचे नाव ‘जुनीर’ असे भेटते. प्रॉटेस्टंट मिशनांनी एकमेकांच्या हद्दीत न शिरण्याचा रिवाज पाळला, निदान पाळायचे ठरवले. नगरला इंग्लंडच्या चर्चची दुसरी संस्था अमेरिकनांच्या क्षेत्रात शिरली तेव्हा कुरबूर झालीच. जेझुइट या वाटणीत नव्हतेच. ते राहुरी तालुक्यात केंदळला आपले काम करू लागले. म्हणजे एखाद्या गावातला महार किंवा मांग समाजातला माणूस बिशप मानणारा ख्रिस्ती झाला की न मानणारा, हे पुष्कळदा त्या गावाला कोणत्या मिशनची बैलगाडी आधी आली यावर ठरले. मारबुर्गच्या वादाचा त्यात काही वाटा नव्हता. नात्यागोत्याने मग तेच पक्के झाले. आजही नगर भागात एकाच आडनावाची घरे एका बाजूला रोमन आणि दुसऱ्या बाजूला मिशनची असतात, आणि सोयरिकीच्या वेळी दोन्हीकडचे वडीलधारे त्याचा हिशेब करतात.

पुणेकरांना या भेदांची कल्पना नव्हती. सवाई माधवरावांच्या काळात, १७९२ मध्ये, पेशव्यांच्या फौजेतल्या कॅथलिकांसाठी नाना पेठेत चर्चला जागा मिळाली. ते मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाचे. या नावाचा बाहेर नेहमी चुकीचा अर्थ लावला जातो. येशू कुमारिकेच्या पोटी जन्मला, या श्रद्धेशी त्याचा संबंध नाही. मरिया स्वतः आपल्या आईच्या गर्भात आली तेव्हापासूनच आदिपापापासून मुक्त होती, असा त्याचा अर्थ. पोपने त्याचा सिद्धान्त जाहीर केला १८५४ मध्ये, पुण्यातले चर्च त्या आधीचे. प्रॉटेस्टंट म्हणतात की याला बायबलात आधार नाही. ऑर्थोडॉक्स मरियेला सर्वांत पवित्र मानतात, पण आदिपापाची ही मांडणीच त्यांना मान्य नाही.

आणि पंचहौद. ४ ऑक्टोबर १८९० रोजी रानडे, टिळक आणि इतर मंडळी पंचहौद मिशनमध्ये गेली, चहा पुढे आला, गोपाळराव जोश्यांनी पिणाऱ्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले. मिशनऱ्यांच्या घरचा चहा, एवढेच पुण्याने पाहिले. प्रत्यक्षात पंचहौद हे इंग्लंडच्या चर्चमधल्या त्या गटाचे मिशन होते, जो स्वतःला कॅथलिकच म्हणवत असे, फक्त पोपशिवाय. तिथे ब्रह्मचारी फादर होते, वाँटेज मठाच्या सिस्टर होत्या, धूप होता, पापनिवेदन होते. बाहेरच्या माणसाला नाना पेठेतल्या कॅथलिक चर्चपासून ते वेगळे काढता आले नसते. रोमला मात्र येत होते: तेराव्या लिओने १८९६ मध्ये जाहीर केले की इंग्लंडच्या चर्चची धर्मगुरूपदे पूर्णपणे निरर्थक आहेत, कारण हेन्री आठव्यानंतरच्या काळात बिशपांची परंपरा तुटली. आपल्याकडे गुरुपरंपरा अखंड असावी लागते, ती तुटली की मंत्र फळत नाही, असे मानणारे संप्रदाय आहेत. रोमचा युक्तिवाद त्याच जातीचा.

याच वाँटेजच्या सिस्टरांच्या ओळखीने पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्यांच्याच मठात सप्टेंबरमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. फादर नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वीचे काशीचे नीलकंठशास्त्री, यांच्या लिखाणाचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. गोरे स्वतः इंग्लंडच्या चर्चमधल्या याच कॅथलिक वळणाच्या परंपरेत स्थिरावले. रमाबाई स्थिरावल्या नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, आणि मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो दीर्घ पत्रव्यवहार झाला त्यात चर्च सांगते म्हणून मान, या अपेक्षेला त्यांनी स्वच्छ नकार दिला. ब्राह्मणी शास्त्राचा अधिकार झुगारून आलेली बाई बिशपांचा अधिकार डोळे मिटून कशी घेणार? मला तरी मराठी ख्रिस्ती इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा वाद वाटतो, ‘ख्रिस्तपुराणा’पेक्षाही, कारण युरोपात ज्या प्रश्नावर रक्त सांडले तो इथे एका शिकलेल्या मराठी बाईने आपल्या बुद्धीने, कोणाची बाजू उसनी न घेता, नव्याने लढवला. पुढे १८९० च्या दशकात त्यांची श्रद्धा व्यक्तिगत अनुभवाच्या वाटेने गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुलींमध्ये आत्म्याच्या संचाराचे जे उधाण आले, ते पेंटेकॉस्टल इतिहासात लॉस एंजेलिसच्या १९०६ च्या अशाच उधाणाआधीचे म्हणून नोंदले जाते. मिनी एब्रम्स या तिथल्या मिशनरी बाईने आपल्या मैत्रिणीला पाठवलेल्या हकिकतीतून चिलीतली पेंटेकॉस्टल चळवळ पेटली. दौंड तालुक्यातून दक्षिण अमेरिकेपर्यंत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकमधून स्वतः बायबल मराठीत आणले. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते छापून पूर्ण झाले.

नारायण वामन टिळकांचे वळण आणखी वेगळे. १८९५ मध्ये ते अमेरिकन मिशनमध्ये ख्रिस्ती झाले, म्हणजे मुळातच सैल बांधणीच्या पंथात. १९१७ मध्ये तेही त्यांना घट्ट झाले. त्यांनी मिशन सोडले, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. रोममध्ये या कल्पनेला उभे राहायला जागाच मिळाली नसती.

कॅथलिकांकडे एकच पोप, म्हणून सगळे एकमुखी, असे कोणी समजू नये. मुंबईत १७९४ पासून दोन कॅथलिक सत्ता शेजारी शेजारी होत्या. एका चर्चवर पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या बिशपची हुकमत, दुसऱ्यावर थेट रोमने पाठवलेल्या मिशनची. श्रद्धा तीच, मिस्सा तीच, पण कोणत्या फादराकडे लग्न लावायचे यावरून गावे दुभंगली. १८८६ मध्ये तह झाला, तरी दुहेरी कारभार पुरता संपला तो १९२८ च्या कराराने. याच १८८६ मध्ये पुण्याला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला. आज पुण्यातच खडकीला सिरो-मलंकारा कॅथलिकांचा बिशप आहे. केरळातून आलेल्या या समाजाची उपासना सीरियन परंपरेची, आणि पोप तोच. १९३० मध्ये त्यांचे पूर्वज ऑर्थोडॉक्स बाजूने रोमकडे आले. पूर्वेकडच्या अशा अनेक कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुषाला गुरुपद देता येते. ब्रह्मचर्य हा रोमन शाखेचा शिस्तीचा नियम आहे, श्रद्धेचे कलम नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लॅटिनची सक्ती उठवली आणि वसईत, नगरात मिस्सा मराठीतून होऊ लागली. प्रॉटेस्टंटांना साडेचारशे वर्षांपूर्वी सोडलेले घर पुन्हा भेटल्यासारखे वाटले नसेल, पण बोलणे सुरू झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’चे संपादक होते, त्यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला सप्टेंबरमध्ये जी गर्दी लोटते, तिच्यात मिशनचे लोक असतात आणि हिंदूही असतात. कॅथलिक शिकवण सांगते की मरियेची आराधना करायची नाही, तिला आपल्यासाठी देवाकडे रदबदली करायला सांगायचे. आराधना फक्त देवाची. नवस फेडायला आलेली बाई हा भेद किती पाळते, हे तिने आणि मतमाऊलीने आपसात ठरवावे.

प्रॉटेस्टंटांनी आपले विखुरलेपण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला थोडे आवरले. इंग्लंडच्या चर्चचे, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन एकत्र झालेले, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट, डिसायपल्स असे सहा प्रवाह मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. सर्वांत अवघड गाठ होती बिशपांची. ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नाकारण्यासाठी देश सोडला होता, त्यांनी बिशप पत्करले. बाळांचा बाप्तिस्मा आणि जाणत्यांचा बाप्तिस्मा, दोन्ही चालतील असे ठरले. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. पुढे मालमत्तेवरून दावे लागले ते लागलेच.

या सगळ्याची परीक्षा लग्नात होते. कॅथलिक मुलगी आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा मुलगा असेल तर त्याचा बाप्तिस्मा रोम मान्य करते; पुन्हा पाणी घालत नाहीत. लग्नाला कॅथलिक बाजूची परवानगी लागते, आणि १९७० पासून नियम असा की मुलांना कॅथलिक वळण देण्याचा शक्य तो प्रयत्न करीन, हे वचन फक्त कॅथलिक वधू देते. नवऱ्याला ते कळवले जाते, त्याच्याकडून काही लिहून घेत नाहीत. लग्न लागते, पण मिस्सेच्या वेळी वरपक्षाचे लोक बाकांवर बसून राहतात, कारण ती भाकर त्यांना दिली जात नाही. मुलाच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला बोलावले तर वधूचा फादर तिला जाऊ नको म्हणतो. आणि घरातला एखादा दीर पेंटेकॉस्टल मंडळीत गेलेला असला, तर त्याला या दोघांचेही बाळपणीचे बाप्तिस्मे मान्य नसतात. पाळक त्याला पुन्हा पाण्यात बुडवतो, यावेळी पूर्ण.